जुन्याचा दाखला

कोऱ्या पाटीचे कौतुक सर्वांनाच असते. परंतु पाटी कोरी करावयाची म्हटले तरी आधी ती हाती असावी लागते, ही गोष्ट कौतुक करणाऱ्यांच्या ध्यानात सहसा येत नाही. नव्या शाळेत मुलाचे नाव घालावयाचे तर जुन्या शाळेचा दाखला मागतात. नवे घर बांधू इच्छिणाऱ्या गृहस्थास जुन्या जागेचा उतारा मिळविण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. फार काय, विवाहासारखा जो अगदी नवा संसार, त्याच्या बोलण्यातही दोन्हीकडच्या चार पिढ्या उकरून काढल्यावाचून आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे समाधान होत नाही. आज ज्या प्रकाराविषयी लिहावयाचे आम्ही योजिले आहे तो याच जातीचा आहे. मात्र विषय दिसण्यात यांत्रिक आणि क्षुल्लक असल्यामुळे वाचकांनी आरंभीच पान उलटू नये, एवढी विनंती आहे. संगणकाची जी मूळ कार्यप्रणाली, जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, ती ‘अपग्रेड’च्या तबकडीवरून, परंतु सर्वस्वी कोऱ्या जागेवर, नव्याने बसवावयाची, हा तो प्रकार होय.

अपग्रेडची तबकडी म्हणजे काय, हे ज्यांनी ती कधी विकत घेतली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनी आपली विंडोज नावाची प्रणाली दोन भावांनी विकत असे. ज्याच्यापाशी पूर्वीची प्रणाली नाही त्याला पूर्ण किंमत. ज्याच्यापाशी आहे त्याला सवलत. २००९ च्या ऑक्टोबरात विंडोज ७ बाजारात आली तेव्हा तिच्या ‘होम प्रीमियम’ या घरगुती आवृत्तीची पूर्ण प्रत अमेरिकेत सुमारे २०० डॉलरांना आणि अपग्रेडची प्रत सुमारे १२० डॉलरांना मिळे. दोन्ही तबकड्यांत भरलेला माल जवळजवळ एकच. अंतर होते ते हक्काचे. कमी किंमत देणाऱ्याचा नवा हक्क त्याच्या जुन्या हक्कावर उभा असे. जुना नसेल तर नवाही नाही. येथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु गिऱ्हाइकापाशी जुना हक्क आहे किंवा नाही हे पाहण्याचे काम तबकडीवर सोपविलेले होते. आणि तबकडीला हक्क दिसत नाही, वस्तू दिसते. सारा घोटाळा येथून सुरू झाला.

पूर्वी ही तपासणी सोपी आणि, आमच्या मते, शहाणपणाची होती. १९९८ ची विंडोज किंवा २००१ ची एक्सपी यांची अपग्रेडची तबकडी कोऱ्या हार्ड डिस्कवर चालविली, तर ती मध्येच थांबून म्हणे, जुन्या प्रणालीची तबकडी क्षणभर आत घाला. ती घातली आणि ओळख पटली की जुनी बाहेर काढून नवीचे काम पुढे चाले. दस्तऐवज दाखवावा आणि पुढे जावे, इतका सरळ व्यवहार. २००७ च्या जानेवारीत व्हिस्टा आली आणि ही रीत बंद पडली. तिला जुना कागद नको होता. जुने घर उभे असलेले हवे होते. जुनी प्रणाली यंत्रात चालू असताना तिच्या अंगणातूनच नवीने आत पाऊल टाकावे, असा दंडक झाला. ज्याची हार्ड डिस्क बिघडली आणि नवी कोरी आणावी लागली, त्याच्यापाशी जुन्याची पावती, तबकडी, परवाना सर्व काही असले तरी त्याने प्रथम जुनी प्रणाली बसवावी आणि मग तिच्यावर नवी चढवावी. म्हणजे जे पाडावयाचे ते आधी बांधावयाचे! गंमत अशी की, प्रॉडक्ट कीचा क्रमांक न देता हीच तबकडी कोऱ्या जागेवर चालविली तर ती काही दिवसांच्या बोलीने निमूटपणे बसत असे. आणि मग त्या उमेदवार प्रणालीतूनच पुन्हा अपग्रेड केले की तीच ‘जुनी’ म्हणून खपत असे. ही युक्ती व्हिस्टा बाजारात येताच लोकांनी शोधून काढली. ॲपल कंपनीने २००९ च्या ऑगस्टात स्नो लेपर्डची तबकडी २९ डॉलरांना विकली तेव्हा, ती आधीची लेपर्ड असणाऱ्यांसाठी आहे असे परवान्यात लिहून, तबकडीत मात्र तशी चौकशी ठेवली नव्हती. गिऱ्हाइकाच्या शब्दावर विश्वास ठेवला, असे म्हणावे. किंवा यंत्रेही आपलीच विकावयाची असल्यामुळे अविश्वासाची फारशी गरज नव्हती, असे म्हणावे.

आता आमच्या घराकडे वळावयास हरकत नाही. आम्ही कर्जतला राहतो आणि खोपोलीच्या गाडीने महाविद्यालयात जातो-येतो. वडिलांना घरात सर्वजण ‘दादा’ म्हणत. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी आमची थोडी भातशेती आहे; तिकडच्याच एका शाळेत शिक्षकी करून ते निवृत्त झाले आणि पुढे आमच्यापाशी येऊन राहिले. २००६ च्या गणपतीत घरी संगणक आणला तो मुलीच्या अभ्यासासाठी, पण त्याचा ताबा घेतला दादांनी. वयाच्या ७४ व्या वर्षी ते कळफलक शिकले, आणि रोज सकाळी चहा झाला की दीड-दोन तास आपल्या आठवणी लिहीत. एकंदर ३७ प्रकरणे झाली. त्यांत शाळेविषयी फारसे काही नव्हते. सारा मजकूर शेताचा. राब कसा भाजावा, कोणत्या खाचरात पाणी आधी भरते, वरकस जमिनीत नाचणी कशी घेत, आजोबांनी दुसऱ्याची जमीन कूळ म्हणून किती वर्षे कसली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने तीच जमीन त्यांची कशी झाली, हे सर्व त्यांनी मास्तरी शिस्तीने, परिच्छेद पाडून लिहिले होते. २००९ च्या माघात ते गेले.

पुढच्या उन्हाळ्यात त्या यंत्राची हार्ड डिस्क टक्‌टक्‌ असा आवाज करू लागली. हा आवाज म्हणजे यंत्राने दिलेली नोटीस समजावी, मुदत मात्र त्यात लिहिलेली नसते, असे जाणत्यांनी सांगितले. आम्ही दादांची सर्व प्रकरणे आणि त्यांचा फाँट एका सीडीवर व एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतला, नवी हार्ड डिस्क आणली, आणि जुनी काढून, तिच्यातील सर्व काही तसेच राहू देऊन, फडक्यात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवून दिली. अमेरिकेत नोकरीस असलेला आमचा भाचा त्याआधीच्या हिवाळ्यात येऊन गेला होता. त्याने येताना विंडोज ७ ची अपग्रेडची तबकडी आमच्यासाठी रीतसर विकत आणली होती. यंत्राबरोबर आलेल्या एक्सपीचा परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असून त्याची चिठ्ठी यंत्राच्या कुशीवर चिकटविलेली होती. म्हणजे हक्क जुना होता, किंमत नव्याची दिली होती, आणि जागा कोरी होती. व्हिस्टेच्या काळी ज्या गृहस्थाची फजिती होई, त्याच्या जागी आता आम्ही उभे होतो. कारण विंडोज ७ नेही तोच दंडक थोड्या फरकाने चालू ठेवला होता.

स्टेशनाजवळच्या एका दुकानातील तरुणाला ही हकीकत सांगितली तेव्हा त्याने आमच्याकडे मोठ्या करुणेने पाहिले.

‘‘सर, कशाला एवढी खटपट? तीनशे रुपये द्या, फुल व्हर्जन टाकून देतो. ते काही विचारत नाही.’’

‘काही विचारत नाही’ या शब्दांत त्या धंद्याची सारी थोरवी साठविलेली आहे. चोरीचा माल घेणाऱ्यास कोणी जुन्याचा दाखला मागत नाही. ज्याने पैसे मोजले, उलटतपासणी त्याचीच व्हावयाची. आम्ही त्या तरुणाला नको म्हटले खरे, परंतु त्याचे सारे श्रेय आमच्या नीतिमत्तेला देता येत नाही. भाच्याचे १२० डॉलर आधीच खर्च होऊन बसले होते.

आईचा आक्षेप निराळ्या प्रकारचा होता. तिने संगणकाला कधी हात लावला नव्हता, पण दादा लिहीत असताना शेजारी बसून निवडणे-टिपणे करण्याची तिची सवय होती. त्यामुळे पडद्यावर काय कोठे असते हे तिला ठाऊक होते. जुने काही नव्या डिस्कवर येणार नाही, नुसती प्रकरणे तेवढी आणू, असे आम्ही सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘म्हणजे त्यांनी मांडून ठेवलेलं काहीच राहणार नाही?’’

आम्ही समजावू लागलो की प्रणाली नवी होत आहे, यंत्र तेच आहे, परवानाही त्याच परवान्याच्या पोटी आलेला आहे. ती ऐकून घेऊन म्हणाली, ‘‘जुनं काही राहणार नसेल तर त्याला नवं करणं कशाला म्हणायचं? ते दुसरंच झालं.’’

तर्कशास्त्र शिकविणाऱ्यास देखील या वाक्याचे उत्तर लगेच देता आले नसते. अपग्रेड या शब्दाचा सारा आधार ‘तेच, पण नवे’ या कल्पनेवर आहे. कोऱ्या जागेवर केलेली मांडणी म्हणजे ‘दुसरे’. आणि आम्ही तर पहिल्याच्या तबकडीने दुसरे करावयास निघालो होतो. शिवाय एक्सपीवर विंडोज ७ सरळ चढवून जुनी मांडणी जशीच्या तशी राखण्याची सोय कंपनीने मुळी ठेवलीच नव्हती. ती सोय व्हिस्टावाल्यांना होती. तेव्हा डिस्क धडधाकट असती तरी आईचे म्हणणे आम्हांला पाळता आले नसते. हे तिला सांगितल्यावर तिने एवढेच विचारले की कपाटातली ती जुनी पेटी टाकून तर देणार नाही ना. नाही, असे सांगितले.

मे महिन्यात मुहूर्त लागला. मुहूर्त म्हणण्याचे कारण असे की त्या वर्षांत आमच्याकडे वीज रोज काही तास नियमाने जात असे आणि काही वेळ नियम सोडूनही जात असे. प्रणाली बसत असताना मध्येच वीज गेली तर अर्धवट लिहिलेली डिस्क कोणत्याच कामाची राहत नाही, म्हणून सायंकाळी वीज आल्यानंतरचा वेळ धरावयाचा ठरला. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांनी उभारलेले पहिले जलविद्युत्‌केंद्र खोपोलीस १९१५ साली चालू झाले, आणि दुसरे कर्जत तालुक्यात भिवपुरीस १९२२ साली. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली येते, चक्रे फिरवते, वीज मुंबईकडे जाते, आणि उरलेले पाणी पाताळगंगेतून आमच्या शेताच्या बांधाशेजारून वाहते. पाण्याविषयी आमची तक्रार नाही. दादांनी या पाण्यावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. परंतु ज्या दोन तालुक्यांनी मुंबईला वीज पाठविली, तेथील माणसाने २०१० साली घड्याळ पाहून संगणकाचा मुहूर्त काढावा, हे पाहून विद्युत्‌देवतेलाही थोडे वाईट वाटले असेल.

असो. तबकडी घातली, भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे प्रॉडक्ट कीची चौकट रिकामी सोडली, आणि पाऊण तासात नवा, चकचकीत, ओळखीचे काहीही नसलेला पडदा समोर आला. ३० दिवसांची मुदत होती. मग प्रॉडक्ट की घातली तेव्हा अपेक्षित उत्तर आले: ही की अपग्रेडसाठी आहे, कोऱ्या मांडणीसाठी नव्हे. तबकडी तीच, की त्याच डबीतील, बसविणारी तीच आणि बसू न देणारीही तीच. कीर्तनकारास द्वैताद्वैताचा याहून चांगला दृष्टान्त मिळणार नाही.

येथून पुढे दोन वाटा होत्या. पहिली आखूड. प्रणालीच्या अंतर्गत नोंदवहीत, जिला रजिस्ट्री म्हणतात, एक बारीकशी नोंद असते. मांडणीचा आरंभ तबकडीवरून झाला असेल तर तेथे १ हा आकडा पडतो. तो पुसून ० करावा, मुदतीचे घड्याळ पुन्हा लावण्याची आज्ञा द्यावी, यंत्र बंद करून चालू करावे, की प्रॉडक्ट की निमूटपणे स्वीकारली जाते. पाच मिनिटांचे काम. दुसरी वाट लांब. नुकत्याच बसविलेल्या प्रणालीतूनच तबकडी पुन्हा चालवावी, या वेळी ‘अपग्रेड’ हा पर्याय निवडावा, आणि विंडोज ७ वर विंडोज ७ चढवावी. यास पहिल्याहून अधिक वेळ लागतो. आपल्याकडे निपुत्रिकाने पुत्र दत्तक घेण्याची चाल आहे; येथे निराधार पुत्राने बाप दत्तक घ्यावयाचा, आणि तो बापही आपल्याच देहातून निर्माण करावयाचा!

आम्ही लांबची वाट धरली. मुलीने कपाळाला हात लावला. १ चे ० करणे म्हणजे नोंद खोडणे, आणि नोंद खोडण्याला आमचा हात वळेना. वडील शिक्षक असल्याचा हा परिणाम असावा. दुसऱ्या वाटेत निदान कोठे खोटे लिहावे लागत नव्हते. यंत्राने विचारले की खाली जुनी प्रणाली आहे काय, आणि खाली एक होती. रात्री सव्वानऊच्या सुमारास प्रॉडक्ट की मान्य झाली. त्यानंतर दहा मिनिटांनी वीज गेली.

यात लबाडी झाली की नाही, हा प्रश्न आमच्या मनात होताच. तो उघडपणे मांडला आमच्या एका स्नेह्यांनी. ते कर्जतच्या कोर्टात वकिली करतात आणि कर्जत-खालापूरकडील जमिनींचे व्यवहार त्यांच्या हाताखालून पुष्कळ जातात. या दोन तालुक्यांत मुंबईकरांना शेतघरांची हौस फार. परंतु १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे जो शेतकरी नाही त्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणून प्रत्येक खरेदीदाराकडे प्रथम शेतकरी असल्याचा दाखला मागतात.

‘‘प्रोफेसरसाहेब,’’ ते म्हणाले, ‘‘तुमची तबकडी म्हणजे आमचं त्रेसष्ट कलम आहे. शेत घ्यायचं तर आधी शेत हवं. आणि तुम्ही केलंत ते आमच्याकडची चलाख मंडळी करतात तेच. कुठे तरी दोन गुंठ्यांवर नाव लावून घ्यायचं, आणि शेतकरी म्हणून इकडे यायचं.’’

आम्ही म्हटले, दृष्टान्त चुकतो आहे. दोन गुंठ्यांच्या नावाने शेतकरी होणारा मूळचा शेतकरी नसतो. आमचे यंत्र जन्मतःच परवानाधारक होते. पुरात खाचर वाहून गेलेल्या शेतकऱ्यासारखी आमची स्थिती. त्याचा सातबारा कपाटात आहे, पण तलाठी म्हणतो की मला चिखल दाखवा. अशा माणसाने अंगणात चार भाताची रोपे लावून तलाठ्याचे समाधान केले, तर त्याला लबाड म्हणावयाचे काय?

वकीलसाहेब हसले, आणि मग त्यांनी जे विचारले त्याने आम्हांस गप्प केले. ‘‘ते ठीक. पण तुमच्या आजोबांपाशी कागद कुठे होता? होती ती वहिवाट. सत्तावन्न साली कायद्याने कागद बाजूला ठेवला आणि चिखलच पाहिला, म्हणून आज तुमच्या घरी सातबारा आहे.’’

हे खरे होते, आणि दादांनी हेच ३१ व्या प्रकरणात अभिमानाने लिहून ठेवले होते. हातातील कागदापेक्षा पायाखालच्या चिखलाला किंमत द्यावी, या तत्त्वावर ज्यांचे घर उभे आहे त्यांनी तबकडीने तेच तत्त्व लावले म्हणून रागवावे, हे विसंगत दिसते. पुढे कित्येक दिवस गाडीत बसल्यावर हा प्रश्न आमच्या डोक्यात घोळत असे. आमचे मत शेवटी असे झाले की तत्त्व एकच असले तरी ते कोणाविरुद्ध वापरले हे पाहावे लागते. कुळकायद्याच्या काळी कागद बळिवंताच्या पेटीत होते आणि कसणाऱ्याच्या हाती वहिवाटीवाचून काही नव्हते. म्हणून कायद्याने वहिवाट पाहिली. येथे कागद, पावती, परवान्याची चिठ्ठी हीच गिऱ्हाइकाची सारी शक्ती होती, आणि तीच बघावयास तबकडीने नकार दिला. वकीलसाहेबांना हे पटले नाही. कंपनीला दोन्ही पाहता आले असते, एवढे मात्र त्यांनी मान्य केले.

कंपनीलाही ते पुढे पटलेले दिसते. २०१५ च्या २९ जुलैस विंडोज १० आली ती जुन्या गिऱ्हाइकांना एक वर्षपर्यंत फुकट मिळाली. आरंभी तेथेही आधी जुन्यावर चढवा आणि मग हवे तर कोरे करा असाच क्रम होता. परंतु एकदा चढविली की त्या यंत्राची ओळख कंपनीच्या दूरच्या नोंदवहीत राही, आणि नंतर कितीही वेळा डिस्क पुसली तरी चौकशी होत नसे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून विंडोज ७ किंवा ८ ची प्रॉडक्ट की कोऱ्या मांडणीतही चालू लागली. म्हणजे जवळजवळ नऊ वर्षांनी गाडी पुन्हा ‘जुना कागद दाखवा आणि पुढे जा’ या स्टेशनावर आली. २०२३ च्या सप्टेंबरात कंपनीने ही सवलत संपल्याचे जाहीर केले. विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. आता नव्या यंत्रांत तबकडी घालावयाची खाचही बहुधा नसते. हक्काचा दाखला घरातून निघून दूर कोठे तरी गेला. सोय झाली यात शंका नाही. मात्र तो आमच्या कपाटात नाही, ही गोष्ट आमच्या पिढीला थोडी खुपते.

परंतु प्रॉडक्ट की मान्य झाली त्या रात्री आमच्या घरातील खरे काम व्हावयाचेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सीडीवरून दादांची प्रकरणे नव्या डिस्कवर घेतली. आईला बोलावले. पहिले प्रकरण उघडले, आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टिंबे, उलटसुलट चिन्हे यांची दाटी उभी राहिली. आईने चष्मा नीट केला.

‘‘हे इंग्रजी त्यांनी कधी लिहिलं?’’

दोष नव्या प्रणालीचा नव्हता. उलट देवनागरी लिहिण्याची जी सोय एक्सपीमध्ये मुद्दाम तबकडी घालून चालू करावी लागे, ती येथे तयार होती. पूर्वीचा मंगल फाँट होताच, शिवाय अपराजिता, कोकिळा, उत्साह अशी गोड नावांची नवी मंडळी आली होती. पण त्यांपैकी एकालाही दादांची अक्षरे ओळखता येईनात. कारण ती आतून मराठी नव्हतीच. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा ज्या सोयी होत्या, त्यांत सर्रास चालणारी रीत अशी की संगणकाच्या पोटात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवावयाचे आणि फाँटाने त्यावर मराठी अक्षराचा मुखवटा चढवावयाचा. प्रत्येकाचा मुखवटा निराळा, त्यामुळे एकाचे लिहिलेले दुसऱ्यास वाचता येत नसे. मुखवटा काढला की खाली असा चेहरा! महाराष्ट्रातील किती कचेऱ्यांचे, छापखान्यांचे आणि लेखकांचे कागद या स्थितीत पडून असतील, याची गणती कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

सीडीवर घेतलेला फाँट बसविताच अक्षरे परत आली. आई काही बोलली नाही. तिने पहिले पान अखेरपर्यंत वाचले. मात्र तो फाँट ज्या कळफलकाच्या कार्यक्रमावर लिहिता येई, तो कार्यक्रम नव्या प्रणालीवर चालावयास तयार होईना. म्हणजे दादांचा मजकूर वाचता येत होता, पण त्यात एक काना वाढविण्याची सोय राहिली नव्हती. आणि फाँट जाईल त्या दिवशी वाचताही येणार नव्हता.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मुलीने सर्व ३७ प्रकरणे युनिकोडमध्ये आणावयाचे मनावर घेतले. त्यासाठी तिला एक रूपांतराचा कार्यक्रम मिळाला. तो मूळ हिंदीसाठी केलेला दिसत होता. पहिल्या पानावरच ‘कजर्त तालुक्यातील जिमनी’ असे शब्द उमटले तेव्हा आम्ही सारे हसलो; पण त्या हसण्यात एक शिकण्यासारखी गोष्ट होती. जुन्या फाँटात अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, आणि रफार ज्याच्या डोक्यावर बसतो त्याच्या नंतर. युनिकोडात ती उच्चाराच्या क्रमाने असतात: वेलांटी नंतर, रफाराचा र्‌ आधी. क्रम न बदलता नुसता मुखवट्याच्या जागी मुखवटा ठेवला की कर्जतचे कजर्त होते आणि जमिनीची जिमनी. मुलीने त्या कार्यक्रमाला वेलांटीचा नियम शिकविला, रफाराचाही बराचसा शिकविला. उरलेले प्रकरणामागून प्रकरण हाताने नीट केले. आई शेजारी बसे आणि मुलगी मोठ्याने वाची. राब, आवण, वरकस हे शब्द मुलीने त्या सुट्टीत प्रथम ऐकले, आणि त्यांचे अर्थ तिला दादांच्या वाक्यांपेक्षा आईच्या तोंडून अधिक कळले.

एका प्रकरणात मात्र ती अडली. नदीकडच्या एका खाचराचे नाव होते, आणि त्या नावाच्या मध्यभागी कार्यक्रमाने रिकामा चौकोन ठेवून दिला होता. मराठीत ऱ्‌ आणि य यांचे जे जोडाक्षर होते, ते हिंदीत लागत नाही. म्हणून त्या कार्यक्रमाच्या तक्त्यात त्याला घरच नव्हते. मुलगी जुन्या फाँटातील पान उघडून पाहू लागली, तोच आईने विचारले, ‘‘काय अडलं?’’

‘‘आजी, ‘वा’, मग चौकोन, मग ‘चे खाचर’.’’

‘‘वाऱ्याचं खाचर ते,’’ आई म्हणाली. ‘‘नदीवरून वारा यायचा तिथं. भात उफणायला सगळे तिकडेच न्यायचे.’’

मुलीने चौकोन खोडून इनस्क्रिप्टच्या कळफलकावर ऱ, मग हलन्त, मग य, मग काना असे टंकले. त्या प्रकरणात ते नाव आणखी सहा ठिकाणी होते.